थेरांच्या तोंडातला घास

थेरांच्या पात्रात मी तिसऱ्यांदा भात वाढला, तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. थेर म्हणजे आमच्या लेण्यातले सगळ्यात वडील भिक्षू; ऐंशीचा म्हातारा, अंगावर मूठभर मांस नाही. दोन पळ्या भात आणि द्रोणभर कुळथाचं कढण एवढाच त्यांचा दिवसाचा आहार. मी त्यांच्या नजरेला नजर न देताच म्हटलं, "आज तूप ताजं कढवलंय, भंते. घ्या थोडं."

ते काही बोलले नाहीत. बोलू शकतच नव्हते. तोंडात घास असताना भिक्षू बोलत नाहीत, तो त्यांचा नियमच आहे. उरलेल्या चार दातांनी ते घास घोळवत राहिले आणि मी पळी धरून, पुढचा घास कधी उचलतात याची वाट पाहत उभी राहिले.

त्यांच्यासमोर चार हातांवर वेणुपट्टणाच्या नगररक्षकांचा नायक खंदनाग मांडी घालून बसला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. आल्या आल्या त्यानं आपलं खड्ग खालच्या पायरीवर ठेवलं, थेरांना वाकून वंदन केलं आणि सरळ विचारलं, "भंते, पळून गेलेला राजा सिरिघोष या लेण्यात आहे का?"

नशीब एवढंच, की इसिपालित थेरांनी नेमका तेव्हाच पहिला घास तोंडात घातला होता.

"त्यांना कशाला विचारता, मी सांगते की," मी मध्ये पडले. "असला कुणी राजाबिजा इथं नाही. इथं दगड फोडणारे आहेत आणि दगड वाहणारे आहेत. तुम्हाला कुठला हवा?"

"तू रांधणारी ना, अक्का?"

"असाढा म्हणतात मला. बत्तीस पाथरवटांचं आणि अकरा भिक्षूंचं मी रांधते."

"मग तुझ्या शब्दावर परत गेलो तर माझा नवा धनी मला हसेल. थेरांचं तसं नाही. ते खोटं बोलत नाहीत हे दहा गावांना ठाऊक आहे. ते नाही म्हणाले तर मी आल्या पावली माघारी फिरेन. हो म्हणाले तर राजाला बांधून नेईन." त्यानं खांद्यावरचं पांढरं उपरणं सारखं केलं. "शिवाय आज उपोसथ आहे. व्रताच्या दिवशी मीही खोटं बोलत नाही. इथं जे कानांनी ऐकेन तेच धन्याला जाऊन सांगेन."

खोटं बोलायचं मला कधी काही वाटलेलं नाही. चाळीस-पंचेचाळीस तोंडांची चूल सांभाळणारी बाई नुसत्या खऱ्यावर तगत नाही. पण इथं माझ्या खोट्याला कवडीची किंमत नव्हती, आणि राजा तिथून वीस पावलांवर माझ्या चुलीशेजारी बसून ताक घुसळत होता.

तो आठ महिन्यांपूर्वी आला होता. थेरच त्याला हाताला धरून रांधणीत घेऊन आले. अंगावर फाटकं वस्त्र, पाय सुजलेले, आणि डोक्यापासून पायापर्यंत धूळ.

"उपासिके," थेर म्हणाले, "याला तुझ्या हाताखाली घे. आणि हा कोण, ते मला विचारू नकोस. विचारलंस तर सांगावं लागेल."

एवढ्यावरून जे समजायचं ते मी समजले आणि काही विचारलं नाही. नाव ठेवलं धुळ्या. पाथरवटांनी त्याला आधी छिन्नी देऊन पाहिली, तर दोन दिवसांत त्यानं तीन छिन्न्या मोडल्या आणि स्वतःचा अंगठा फोडून घेतला. मग तो कायमचा माझ्याकडे आला. चुलीत फुंकर घालताना भुवया जाळून घेतल्या, नाचणीची पेज दोनदा करपवली. भांडी घासायला मात्र बसला की उठायचा नाही. मी म्हणायचे, "अरे, मडक्याला भोक पाडशील." तर म्हणायचा, "अक्का, एवढं एकच काम मला नीट जमतंय. करू दे."

एकदा डाळ निवडता निवडता त्यानं आपणहून सांगितलं. चुलतभावाचे हत्ती चाल करून आले, तेव्हा हा आपल्या हत्तीवरून उतरला आणि पळाला. "माझी माणसं लढत होती, अक्का, आणि मी पळत होतो. आता तिकडे माझं नाव निघालं की लोक थुंकत असतील." त्यानंतर माझ्याच्यानं डाळ निवडवेना, एवढं आठवतं.

तर आता थेर चावत होते, नायक बसला होता आणि अंगणात रोवलेल्या काठीची सावली आखूड होत चालली होती. भिक्षूंचं जेवण मध्यान्हाच्या आत. सावली काठीच्या पायाशी गोळा झाली की पात्र धुवायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाला शिवायचं नाही. म्हणजे मध्यान्हानंतर थेरांचं तोंड रिकामं. गप्प बसून भागेल म्हणावं तर तेही नाही, कारण भिक्षूंमध्ये मौन म्हणजे होकार. आम्ही त्यांना जेवायला बोलावतो आणि ते काही बोलले नाहीत की समजतो, येणार. सगळ्या पंचक्रोशीला ही रीत ठाऊक. रिकाम्या तोंडाचे थेर बोलले तरी राजा मरणार होता आणि न बोलले तरी मरणार होता. भरलेलं तोंड तेवढं त्याला वाचवत होतं.

मध्यान्हाच्या आत राजाला तिथून काढायचा, म्हणजे थेरांना खरोखरच 'नाही' म्हणता येईल, असा मी बेत केला. खाली उतरायची वाट एकच, आणि तिच्यावर नायकाचे सहा सैनिक बसलेले. पण दगडाच्या कपच्यांच्या टोपल्या घेऊन गडी त्यांच्यासमोरूनच दरीकडे जात-येत होते आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. थेरांच्या पात्रात दोन पळ्या भात टाकून मी लगबगीनं रांधणीत आले.

भाताचं मोठं मडकं जवळजवळ रिकामं होतं.

"भात कुठं गेला?" मी विचारलं.

"सैनिकांना वाढला," धुळ्या म्हणाला. "पहाटेपासून चालतायत बिचारे. एकाच्या तर पायांना फोड आलेत."

"तुला पकडायला आलेत ते."

"ठाऊक आहे. म्हणून उपाशी ठेवायचं का?"

मी कपाळावर हात मारला. असा माणूस राज्य गमावून बसला यात नवल नव्हतं. आणि अशा माणसाचं राज्य जावं याचं मला तेव्हा पहिल्यांदा मनापासून वाईट वाटलं.

"टोपली उचल," मी हळूच म्हटलं. "डोक्यावर घे, मान खाली घाल, दरीकडे जा आणि परत येऊ नकोस."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"एकदा पळालो, अक्का. पुन्हा नाही."

"अरे, तेव्हा पळायला नको होतं आणि आता पळायला हवं. तुझं सगळं उलटंच कसं?"

"थेर माझ्यापायी कोंबून कोंबून खातायत. या वयात. मी इथून पाहतोय. त्यांच्या कपाळावर घाम आलाय." तो ताकाचं मडकं बाजूला सारून उठला. "मी जाऊन त्या नायकाला सांगतो मी कोण ते."

"तू धुळ्या आहेस," मी म्हटलं. "खाली बस. तुझ्या नगरात तू कुणीही असशील. इथं चूल माझी आहे."

तो बसला. आठ महिन्यांची सवय होती. मी मडकं खरवडलं, निघाला त्या भातात गूळ आणि कुटलेले तीळ घातले आणि चांगले चिकट मुटके वळले. पाच झाले. चार दातांना एकेक मुटका बराच वेळ पुरला असता.

मी बाहेर आले. थेरांचं पात्र रिकामं होतं. तोंडही रिकामं होतं. ते शांतपणे समोर पाहत बसले होते. आणि नायक? त्याला चपलेतला काटा काढायला हीच वेळ सापडली होती. चप्पल मांडीवर घेऊन, मान खाली घालून तो काटा शोधत होता. मी धावतच गेले, मुटका वाढला, थेरांनी तो तोंडात घातला. तेव्हा कुठं नायकानं चप्पल खाली ठेवली आणि वर पाहिलं.

"तर भंते, राजा सिरिघोष इथं आहे का?"

थेर चावत होते. मला हसू दाबावं लागलं. एवढा नगररक्षकांचा नायक, पण वेळ साधायची अक्कल नाही. असल्यांच्या हातात नगर असेल तर चोरांची चंगळच म्हणायची.

दुसऱ्या मुटक्याला तेच झालं. तिसऱ्यालाही. थेर गिळत होते तेव्हा नायक छताच्या कोरीव कमानीकडे बोट दाखवून एका पाथरवटाला विचारत होता, "हे किती वर्षांचं काम?" आणि मुटका तोंडात गेला की वळून थेरांना तोच प्रश्न. गुळामुळे थेरांचे ओठ चिकटत होते. चौथा मुटका वाढताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. पण त्यांनी पात्रावर हात आडवा धरला नाही. धरला असता तर नियमाप्रमाणे मला वाढणं थांबवावं लागलं असतं.

एकच मुटका उरला होता आणि सावली दोन बोटं. मी तो हातात घेऊन उभी होते. तेवढ्यात रांधणीतून धुळ्या आला.

त्यानं तोंड धुतलं होतं. आठ महिन्यांत त्याचा चेहरा इतका स्वच्छ मी पाहिला नव्हता. हातात ताकाचा द्रोण होता. तो नायकापाशी गेला, द्रोण त्याच्या हातात दिला आणि ताठ उभा राहिला. नायकानं त्याच्याकडे पाहिलं, ताक पिऊन टाकलं, द्रोण खाली ठेवला.

"नायक," धुळ्या म्हणाला, "तुम्ही ज्याला शोधताय तो..."

मी काय करतेय ते मला कळायच्या आत माझा हात पुढे गेला होता. अख्खा मुटका मी त्याच्या तोंडात कोंबला आणि वरून तळहातानं दाबला.

छिन्न्यांचे आवाज थांबले. बत्तीस पाथरवट आणि सहा सैनिक आमच्याकडे बघत होते. राजाचे गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तो चिकट भात त्याला ना गिळता येत होता ना बाहेर टाकता येत होता.

"सकाळपासून याला खायला दिलं नाही मी," मी नायकाला म्हटलं. "उपाशी पोटी काहीबाही बरळतो मेला. गिळ आधी."

पण हे सगळं होईपर्यंत थेरांचं तोंड रिकामं झालं होतं. त्यांनी पाणी घेतलं, चूळ भरली, पात्र धुतलं. काठीला सावली उरली नव्हती. माझ्या हातात काही नव्हतं आणि मडक्यातही काही नव्हतं. थेरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नायकाकडे पाहिलं. विचार, असंच जणू ते म्हणत होते. मी डोळे मिटले. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"भंते," नायकाचा आवाज आला, "जेवण कसं झालं?"

"फार झालं," थेर म्हणाले.

कुणीतरी पाथरवट फिसकन हसला, मग दुसरा हसला, आणि सैनिकही हसले. नायक उठला. थेरांना पुन्हा वंदन केलं आणि आपल्या माणसांकडे वळला. "तुम्ही साक्षी आहात. मी नऊ वेळा विचारलं. थेरांकडून उत्तर मिळालं नाही. मी धन्याला एवढंच सांगणार. व्रताचा दिवस आहे, याहून जास्त सांगणं म्हणजे खोटं बोलणं. चला."

सैनिक पायऱ्या उतरायला लागले. तो मागं राहिला आणि माझ्यापाशी आला. धुळ्या माझ्या शेजारीच उभा होता, अजून चावत.

"अक्का," नायक म्हणाला, "मी सात वर्षं पूर्वेच्या वेशीवर पहाऱ्याला होतो. हत्तीवर बसणाऱ्याला खाली कोण उभं आहे ते दिसत नाही. खालच्याला मात्र वरचा रोज दिसतो."

त्यानं धुळ्याकडे एकवार पाहिलं.

"तुझ्या या माणसाला सावकाश चावू दे. नगरातल्या लोकांनी इतके महिने त्याची वाट पाहिलीय, आणखी थोडी पाहतील. आणि वेस काही फक्त बाहेरून फोडावी लागते असं नाही. आतूनही उघडता येते."

तो खड्ग उचलून निघून गेला आणि मी तिथंच फतकल मारून बसले. चपलेत काटा नव्हताच. मी थेरांच्या तोंडात घास ठेवायला धडपडत होते, आणि तोंडात घास असल्याशिवाय विचारायचं नाही म्हणून तोही तितकाच धडपडत होता. त्याला उत्तर नको होतं. उत्तर मिळालं असतं तर त्या दिवशी त्याला ते खरं खरं सांगावं लागलं असतं. आणि मी त्याला अक्कल नाही म्हणत होते.

राजानं कसाबसा घास गिळला. "भंते," तो थेरांना म्हणाला, "त्यानं आत्ता विचारलं असतं तर?"

"सांगितलं असतं," थेर म्हणाले.

"मी तुमच्या शेजारी उभा असताना?"

"बोट दाखवून सांगितलं असतं."

"मग इतका वेळ पोट फुटेस्तोवर खाल्लंत कशाला?"

"ही वाढत होती," थेर म्हणाले. "कुणी एवढ्या मनानं वाढलेलं नाकारू नये." मग त्यांना मोठी ढेकर आली, आणि दोन तरुण भिक्षूंच्या खांद्यांवर हात टाकून ते पोट सांभाळत आपल्या खोलीत गेले. पुढचे दोन दिवस त्यांनी कोमट पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

राजा माझ्यासमोर जमिनीवर बसला. ओठांचा गूळ पुसत म्हणाला, "मी रोज दोनदा त्या वेशीतून जायचो, अक्का. त्याचं तोंड मी आज पहिल्यांदा पाहिलं."

"आता पाहिलंस ना?"

"लोक वाट पाहतायत, असंच म्हणाला ना तो?"

"म्हणाला."

"माझी?"

"नाही, माझी," मी म्हटलं. "एवढ्या लांबून माझ्या चुलीवरची करपलेली पेज खायला येणार आहेत सगळे." तो हसला नाही. त्यानं तोंडावर दोन्ही हात घेतले आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याला रडू दिलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. अकरा महिन्यांनी एका सकाळी वेणुपट्टणाची पूर्वेची वेस आतून उघडली, चुलतभाऊ मागच्या दारानं नदीपार पळाला, आणि सिरिघोष राजा पायी चालत नगरात शिरला. वेशीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसापाशी थांबून त्यानं नाव विचारलं, म्हणून राजवाड्यापर्यंत पोचायला त्याला संध्याकाळ झाली म्हणतात. आता त्याला वीस वर्षं झाली. कथेकरी ही कथा सांगतात तेव्हा तिच्यात हत्ती असतात, शंख असतात, आकाशवाणीसुद्धा असते. मी कुणाला अडवत नाही. ज्याला जे आवडतं ते त्यानं ऐकावं.

मला मात्र नायक येऊन गेल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची सकाळ आठवते. राजा थेरांच्या पाया पडून आला. मी त्याला भाकरी, गूळ आणि तिळाची चटणी बांधून दिली. पायऱ्यांच्या तोंडाशी तो घुटमळला.

"अक्का, एक विचारू? मी पुन्हा पळून चाललोय, असं तर नाही ना?"

"खाली उतरल्यावर कुठली वाट धरणार आहेस?"

"नदीकाठची."

"ती कुठं जाते?"

"वेणुपट्टणाला."

"मग," मी म्हटलं, "पळणारा माणूस तिकडे कशाला जाईल?"

त्यानं शिदोरी खांद्याला अडकवली. मग वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. राजानं रांधणाऱ्या बाईच्या पाया पडायची रीत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. तोवर तो पायऱ्या उतरायला लागला होता.